नवी मुंबईत राहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १९९८ साली लग्न होऊन साताऱ्याकडच्या गावातून कोपरखैरण्याला आले. २०११ पासून नेरूळला आहे. मधल्या काळात आमचं बिऱ्हाड दोनदा हललं, शिवाय बहिणीचं, दिरांचं, भाच्याचं आणि ह्यांच्या ऑफिसातल्या चार-पाच जणांचं बस्तान बसवायला हातभार लागला. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढले.

कोणत्या भागात घर बघावं?

आधी नोकरी कुठे आहे ते सांगा, मग घराचं बोलू. हार्बर लाइन सीएसएमटीहून कुर्ला, मानखुर्द करत खाडी ओलांडते आणि वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर असं करत पनवेलला पोचते. ट्रान्स हार्बर ठाण्याहून निघते आणि दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी येते. तुर्भ्याच्या पुढे तिला दोन फाटे फुटतात. एक गाडी सानपाड्यावरून वाशीला जाते, दुसरी जुईनगरवरून नेरूळ-पनवेलला. ठाण्याहून वाशीला यायचंय आणि पनवेल गाडीत बसलात, तर तुर्भ्याला उतरून मागची वाशी गाडी पकडावी लागते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं हे एकदा होतंच.

तेव्हा फोर्ट, मस्जिद, कुर्ला भागात नोकरी असेल तर वाशी ते बेलापूर या पट्ट्यात बघा. ठाणे, मुलुंड, भांडुपला जायचं असेल तर ऐरोली आणि घणसोली सोयीचं. महापे, रबाळ्याच्या कंपन्यांत जाणाऱ्यांनी कोपरखैरणे किंवा घणसोलीत घर घेतलं तर जेवायलासुद्धा घरी येता येतं. नवरा ठाण्याला आणि बायको फोर्टात, अशी जोडपी पुष्कळ असतात. त्यांना मी वाशी, सानपाडा, जुईनगर नाहीतर नेरूळ सांगते, कारण ही स्टेशनं दोन्ही लाइनींवर आहेत. अंधेरी-गोरेगावला जाणाऱ्यांना बहुतेक वेळा वडाळ्याला गाडी बदलावी लागते. तो प्रवास महिनाभर करून बघा आणि मगच अकरा महिन्यांचा करार करा.

बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे खारघरच्या आतल्या सेक्टरांची आणि तळोज्याकडची सोय झाली. उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून शेवटपर्यंत जाते. गाडीनं जाणाऱ्यांसाठी वाशी आणि ऐरोलीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे.

एक कळकळीनं सांगते. भाडं दोन हजारांनी कमी म्हणून स्टेशनपासून तीन किलोमीटर आत जाऊ नका. ते दोन हजार रिक्षातच जातात, आणि रात्री साडेदहाला स्टेशनबाहेर उभ्या राहिलेल्या मुलीला रिक्षा मिळते की नाही ही काळजी वर राहते.

पत्त्यात सेक्टर सांगितला तरी माणसं चुकतात, असं का?

कारण सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडचे वेगळे आहेत. सेक्टर ८ वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीत आहे, बेलापूरला आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळानं एकेक उपनगर स्वतंत्र आखलं आणि प्रत्येकाचे आकडे एकपासून सुरू केले. इथे त्या उपनगराला नोडच म्हणतात.

आम्ही नेरूळच्या सेक्टर ८ मध्ये नवीन होतो तेव्हा माझा भाऊ गावाहून तांदळाचं पोतं आणि गुळाची ढेप घेऊन आला. एसटीतून बेलापूरला उतरला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "सेक्टर आठ." रिक्षावाल्यानं त्याला सरळ बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, आर्टिस्ट व्हिलेजला नेलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती वसाहत. अंगणाभोवती अंगण, बुटकी घरं, उतरती छपरं. रात्री अकराला भावाचा फोन आला, "ताई, तू तर चौथा मजला म्हणालेलीस. इथं गावासारखी घरं दिसतायत." तेव्हापासून मी पत्ता उलट्या क्रमानं सांगते. आधी नोड, मग पूर्व की पश्चिम, मग सेक्टर, मग जवळची शाळा नाहीतर देऊळ, आणि शेवटी इमारत. पिनकोडही पाठ करून ठेवा: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, बेलापूर ४००६१४, खारघर ४१०२१०. कुरियरवाल्याला पिनकोडवरूनच कळतं.

खारघर, कामोठे, कळंबोली नवी मुंबईतच येतात ना?

बोलण्यात येतात, कागदावर अर्धवट. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला झाली आणि ती दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. हा भाग ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महानगरपालिकेत, जी २०१६ साली झाली, आणि जिल्हा रायगड. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. गाडीचं पासिंग वाशीला एमएच ४३, पनवेलला एमएच ४६.

हे सगळं दाखला काढताना आठवतं. माझी बहीण खारघरला राहायला गेली आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोनदा ठाण्याला जाऊन आली. तिचं तहसील कार्यालय पनवेलला होतं.

घर बघायला जाताना काय काय तपासायचं?

घर तीनदा बघा. एकदा दुपारी, एकदा रात्री दहानंतर आणि जमलं तर एकदा धो-धो पावसात.

रात्री यासाठी की ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून एमआयडीसीचा पट्टा आहे, आणि काही सेक्टरांत रात्री रसायनांचा वास येतो. दुपारी एजंटबरोबर गेलं की तो येत नाही. वाऱ्याची दिशा बदलली की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. घरात दम्याचं कुणी असेल तर आधी खालच्या वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला विचारा. ते खरं सांगतात.

पावसात यासाठी की या शहरातली बरीच जमीन खाडीकाठची सखल आहे. भरतीचं पाणी आत शिरू नये आणि पावसाचं पाणी साठायला जागा असावी म्हणून सिडकोनं होल्डिंग पाँड बांधले. ओहोटीला झडपा उघडून पाणी खाडीत जातं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की पाणी जायला वाट नसते, आणि सखल रस्ते तुंबतात. तळमजल्याचं घर असेल तर शेजारच्यांना सरळ विचारा, "पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं?" पायरी दाखवली तर ठीक. हसून विषय बदलला तर ते घर सोडा.

सिडकोच्या जुन्या इमारतींत ओल हा मोठा त्रास. रंग ताजा दिसला म्हणून फसू नका. संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला तळहात सपाट लावून दहा आकडे मोजा. गारवा जाणवला की समजा, रंग एजंटसाठी दिलाय. कपाटाच्या मागचा कोपरा हुंगून बघायलाही लाजू नका, वर्षभर तिथे तुमचे कपडे राहणार आहेत. आणि इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, हे मालकाला आणि सेक्रेटरीला वेगवेगळं विचारा. वाशीत अशा कितीतरी इमारती आहेत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला शाळा सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात घर सोडावं लागलं. मालकाला ते आधीपासून माहीत होतं.

पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात बरं आहे. खारघर, उलवे भागात बघत असाल तर मार्च ते जून टँकर येतो का आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे करारापूर्वी विचारा.

गावठाणात भाडं कमी आहे. तिथे राहावं का?

जरूर राहा, पण आपण कुठे राहायला आलोय ते समजून राहा. सिडको १९७० साली स्थापन झाली त्याच्या कितीतरी आधीपासून ही गावं इथे आहेत: दिवाळे, करावे, सारसोळे, शिरवणे, जुहूगाव, बोनकोडे, घणसोली, गोठिवली. आगरी आणि कोळी माणसांची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर मिळालेली सवलत म्हणजे साडेबारा टक्के योजना: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. आज एजंट सहज म्हणतो, "ही साडेबारा टक्क्यांची बिल्डिंग आहे." त्या आकड्यामागे एवढं आहे. नवीन माणसाला ते कुणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता व्यवहाराचं. भाड्यानं राहायला गावठाणात हरकत नाही. घरमालक बहुतेक वेळा त्याच इमारतीत राहतो, त्यामुळे नळ बिघडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो. गल्ल्या अरुंद असतात, म्हणून अग्निशमनाची गाडी आत येते का आणि मिळणारी वीजजोडणी स्वतंत्र मीटरची आहे का, ते बघा. विकत घेणार असाल तर मात्र भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. परवानगीशिवाय बांधलेल्या इमारतींना बँका कर्ज देत नाहीत, आणि उद्या कारवाई झाली तर रस्त्यावर आपण येतो.

भाडेकरार नोंदवायलाच हवा का? मालक म्हणतो, साध्या स्टॅम्पवर करू.

हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम मिळवायची. ३०,००० भाडं, अकरा महिने आणि एक लाख अनामत असेल तर शुल्क साडेआठशेच्या आसपास येतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. हे घरबसल्या ऑनलाइन होतं, बायोमेट्रिक यंत्र घेऊन माणूस घरी येतो.

नोंदलेला करार हातात नसेल तर गॅस, बँक, शाळा सगळीकडे अडतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायलाही तोच लागतो. करार करताना घरातल्या वस्तूंची यादी फोटोंसकट जोडा: पंखे किती, गिझर चालू की बंद, ओट्याला तडा आहे का. अनामत परत घेताना भांडणं इथेच होतात.

सोसायटी "भाडेकरू ठेवलाय" म्हणून मालकाकडून जे जादा पैसे घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ते तुमच्या माथी मारले जात असतील तर करारात लिहून घ्या की कोण भरणार.

"जेवण काय, व्हेज की नॉनव्हेज? आडनाव काय?" असं विचारतात. काय सांगायचं?

खरं सांगायचं. तळलेल्या बोंबलाचा वास लपवण्यासाठी खिडक्या बंद करून जगावं लागेल, अशा घरात राहू नका. त्यानं मन रोज थोडंथोडं आंबतं.

हा प्रश्न फक्त मासे खाणाऱ्यांचा नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या एका मुस्लिम सहकाऱ्याबरोबर मी स्वतः घरं बघत फिरले आहे. फोनवर घर रिकामं असायचं, नाव सांगितलं की "कालच गेलं." तीन शनिवार-रविवार असे गेले. चौथ्या घराच्या मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "पोरांच्या परीक्षा कधी आहेत? त्याआधी सामान हलवा." एवढंच विचारलं. ते कुटुंब अजून तिथेच आहे. एकट्या मुली, अविवाहित मुलगे, एकट्या राहणाऱ्या आया यांनाही हेच दार-दार फिरणं वाट्याला येतं. हे चुकीचं आहे आणि ते चुकीचं आहे असं म्हणायला हवं, विशेषतः आपण ज्या सोसायटीत आधीपासून आहोत तिथल्या मीटिंगमध्ये.

मालक तयार आहे आणि सोसायटी अडवते आहे, असं असेल तर कारण लेखी मागा: कोणत्या सभेचा ठराव, कोणता उपविधी. तोंडी नकार देणारे पुष्कळ असतात, सही करून देणारे क्वचित. तरीही अडवलं तर मालकाला सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मालकानं साथ सोडली तर मात्र दुसरं घर बघा. तिथे जिंकून राहण्यातही सुख नसतं.

सामान हलवायच्या दिवशी काय लक्षात ठेवायचं?

लिफ्टची वेळ सोसायटीकडून आधी ठरवून घ्या. बऱ्याच सोसायट्या सामानाला दुपारची वेळ देतात आणि रविवारी नाही म्हणतात. जुन्या आणि नव्या, दोन्ही घरांच्या वीजमीटरचा फोटो त्याच दिवशी काढा. देवघर, औषधं आणि दूध उतू घालायचं पातेलं टेम्पोत न टाकता स्वतःच्या हातात ठेवा.

पत्ता कुठे कुठे बदलावा लागतो?

आधार, बँक, गॅस, शिधापत्रिका, गाडीचं आरसी पुस्तक आणि मतदार यादी. घर स्वतःचं असेल तर महावितरणचं बिलही नावावर करून घ्या. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा, त्यात नाव जुन्या ठिकाणाहून निघून नव्या ठिकाणी येतं. माणसं सगळं बदलतात आणि हेच ठेवून देतात. मग आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल बोलायचा अधिकार जुन्या वॉर्डात पडून राहतो.

शेजारी सगळे वेगवेगळ्या राज्यांतले आहेत. ओळख कशी वाढवायची? बोलायचं कोणत्या भाषेत?

कोपरखैरण्याला असताना हा प्रश्नच पडला नव्हता. घाऊक बाजार मुंबईतून इकडे आला तसे माथाडी कामगारही इकडे आले, आणि आमच्या चाळीत सातारा, पाटण, जुन्नरकडचीच माणसं. पहाटे बाजारात हमालीला जाणारे पुरुष, मागे राहणाऱ्या बायका. मला गावातच आल्यासारखं वाटलं. नेरूळला आलो तेव्हा मजल्यावर चार दारं: एक आम्ही, एक केरळचं नर्स जोडपं, एक उल्हासनगरहून आलेलं सिंधी कुटुंब, आणि समोर तिरुनेलवेलीच्या अम्मा, मुलाकडे राहायला आलेल्या. अम्मांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. सहा महिने आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. मला मनातून फार एकटं वाटायचं.

मग जानेवारी आला. भोगीच्या दिवशी मी भाजी केली, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, गाजर, पावटा, बोरं, वर तिळाचं कूट, आणि तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या. चार भाकऱ्या जास्त झाल्या होत्या, म्हणून डबा घेऊन समोरची बेल वाजवली. अम्मांनी झाकण उघडलं, बोटानं एक पावटा उचलला, दोन बोटांत दाबून साल काढली आणि एकदम खुलून म्हणाल्या, "मोच्चै!" मला कळेना. त्यांनी हाताला धरून आत नेलं. गॅसवर त्यांच्या कढईत तोच पावटा शिजत होता. त्यांच्याकडेही त्या दिवसाला भोगीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी माझा डबा परत आला तो सक्करै पोंगलनं भरलेला. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांच्याकडेही आहे.

तेव्हा माझं उत्तर असं: सुरुवात मराठीत करा. समोरच्याला नाही समजलं तर हिंदी आहे, खुणा आहेत, डबा आहे. पुष्कळ मराठी माणसं लिफ्टमध्ये अनोळखी चेहरा दिसला की आपणहून हिंदीत शिरतात, आणि मग म्हणतात, इथे मराठी ऐकूच येत नाही. अम्मा आज बाजारात "केवढ्याला?" आणि "ताजी आहे का?" असं ठणकावून विचारतात. त्यांना कुणी शिकवणी लावली नव्हती. मी रोज त्यांच्याशी बोलत गेले आणि त्या उत्तर देत गेल्या. मलाही आता तमिळमध्ये जेवलात का हे विचारता येतं, आणि त्यांच्या गावाकडची माणसं आली की मी तेच आधी विचारते.

पहिल्या आठवड्यात निदान शेजारच्या दारांशी नाव सांगून या. हातात काहीतरी असू द्या, अगदी चार लाडू. आणि एक मदत मागा: "दूधवाला कोण आहे?" मागितलेल्या मदतीनं दिलेल्या मदतीपेक्षा लवकर ओळख होते, असा माझा अनुभव आहे.

भाजी, मासे, किराणा कुठून घ्यायचा?

रोजचं जवळच्या मंडईतून. वर्षाचं धान्य, मसाल्याची मिरची आणि आंब्याच्या पेट्या तुर्भ्याच्या एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजारातून. भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला, धान्य असे पाच वेगवेगळे बाजार आहेत, एका फेरीत सगळं होत नाही. सुटं कमी मिळतं, म्हणून मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून जावं. आम्ही एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या वाटून घेतो.

मासे दिवाळ्याच्या कोळणींकडून. माझं माहेर घाटावरचं, मला ओल्या मासळीतलं काही कळत नव्हतं. स्टेशनजवळ बसणाऱ्या मावशींनी मला शिकवलं: कल्ला उचलून बघ, लाल असला पाहिजे. पोटावर बोट दाब, खळगा राहिला तर घेऊ नको. बोंबील घेतलास तर घरी गेल्या गेल्या चिरून वजनाखाली ठेव, पाणी निघू दे. हे सांगताना त्यांचा कोयता चालूच असायचा. त्यांच्याशी भावाची घासाघीस थोडी होते, ती दोघींनाही आवडते, पण मासळीला हात लावून नाक मुरडून पुढे जाऊ नका. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा सुकट, सोडे, सुके बोंबील घ्या. ताज्याचा भाव त्या काळात चढलेला असतो आणि माल लांबून आलेला असतो.

मुलांची शाळा?

राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी शिकवणं २०२० च्या कायद्यानं सक्तीचं आहे. प्रवेशाच्या वेळी ते शिक्षक खरंच नेमलेत का, हे विचारा. महापालिकेच्या शाळाही बघून या. सीवूड्स आणि कोपरखैरण्याला महापालिकेनं सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या आहेत.

आई-वडील गावाहून आलेत, त्यांना इथे अजिबात करमत नाही.

हे फार होतं आणि त्याकडे लक्ष द्यायला हवं. माझे सासरे आले तेव्हा पहिला महिना गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. गावी पारावर बसणाऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर पार कुठून मिळणार? त्यांना मी रोज सकाळी बरोबर बागेत घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना कराडकडचे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर भेटले, आणि मग ते माझी वाट बघेनासे झाले. नेरूळला रॉक गार्डन आहे, ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलाव आहे. महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे कॅरम, पेपर आणि भजनाचा वार असतो. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला आहेत. केसपेपर आधीच काढून ठेवा, रात्री धावपळीत काढायला लागू नये.

आणि त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवा, नोडच्या नावासकट. सगळ्या इमारती सारख्या दिसतात, चुकणं सोपं आहे.

वर्गणी, सण, गर्दी यांचं काय?

वर्गणी ऐपतीप्रमाणे द्या आणि मांडवात जाऊन या. गणपतीत कृत्रिम तलाव असतात, घरच्या मूर्तीला तेच बरे. गावदेवीच्या यात्रेत आणि पालखीच्या दिवशी गावठाणातले रस्ते बंद राहतात, त्या दिवशी गाडी बाहेर लावा. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सामना असला की संध्याकाळी घरी पोचायला वेळ लागतो. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी विश्वचषक इथेच जिंकला. मध्यरात्री खालून ओरडण्याचे आवाज आले, आणि आमच्या मजल्याची चारही दारं उघडी होती.

कचरा?

ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. एकत्र दिला तर नेत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

फ्लेमिंगो कधी आणि कुठे दिसतात?

साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत. नेरूळ-सीवूड्सकडे पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळ जागांवर, डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर, टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या मागे. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात लांब पसरलेले असतात, भरती आली की बसायला जागा उरत नाही म्हणून आत तळ्यांवर येतात. तेव्हा घड्याळापेक्षा भरतीचं वेळापत्रक बघून निघा. सकाळची भरती असेल तर उत्तम, ऊन लागत नाही. गाडी लांब लावा, कुत्रा नेऊ नका. म्हाताऱ्या माणसांसाठी घडीची खुर्ची न्या. सासरे आणि ते कंडक्टरकाका फेब्रुवारीत दोन खुर्च्या घेऊन जातात आणि नाश्त्याच्या वेळेला परत येतात.